दहापट संवेदनशीलता हवी असेल, तर आधी नॉइज मोजा

प्रश्न असा आहे. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने मॅक-झेंडर इंटरफेरोमीटर (प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा एकत्र आणणारी मांडणी) वापरून कंपनं मोजणारा फायबर सेन्सर बांधला आहे. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी लेझर, प्रकाश निम्मा-निम्मा वाटणारे दोन ५०:५० कपलर, प्रत्येकी सुमारे १० मीटरच्या दोन भुजा आणि शेवटी प्रकाश मोजणारा एक फोटोडायोड. एका भुजेतलं १ मीटर फायबर अ‍ॅल्युमिनियमच्या कॅन्टिलिव्हर (एक टोक घट्ट, दुसरं मोकळं अशा) पट्टीवर चिकटवलं आहे. ही पट्टी मोटारीच्या बैठकीवर बसवून बेअरिंगची बारीक कंपनं पकडायची आहेत. तिची अडचण: सिग्नल कधी छान दिसतो, पाच मिनिटांनी निम्मा होतो, कधी पार गायब होतो. गाइड म्हणतात, संवेदनशीलता दहापट वाढव. तर फायबर लांब करू, की हल्ली शोधनिबंधांत सारखा दिसणारा व्हर्नियर इफेक्ट (छोटा बदल मोठा करून दाखवणारी युक्ती) वापरू?

आत्ता दोन्हींना हात लावू नका, असं मी सांगेन. तुमचा सेन्सर मुळातच विलक्षण संवेदनशील आहे, आणि सिग्नल गायब होतो त्याचं कारणही बरंचसं हेच आहे. मी वीसेक वर्षं हेच काम करतो आहे. या काळात माझ्याकडे "संवेदनशीलता कमी पडते" म्हणून जेवढ्या मांडण्या आल्या, त्यांतल्या बहुतेकींचं खरं दुखणं दुसरंच निघालं.

आधी आकडा पाहू. साध्या सिलिका फायबरच्या १ मीटर लांबीवर १ मायक्रोस्ट्रेन ताण पडला, म्हणजे मीटरभर फायबर १ मायक्रोमीटरने ताणलं गेलं, की १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा फेज (लाटेची अवस्था) सुमारे ४.६ रेडियनने सरकतो. नुसती लांबी धरली तर तो याहून जास्त सरकायला हवा. पण ताणल्यावर काचेचा अपवर्तनांक किंचित उतरतो, म्हणून हिशेबात ०.७८ हा गुणक येतो. आता याच कामाला बाजारात सहज मिळणारी फायबर ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबी परत फिरवणारा फायबरचा तुकडा) घ्या. तिची तरंगलांबी १ मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर सरकते. १ पिकोमीटर ओळखणारं चांगलं उपकरण घेतलं तरी ०.८ मायक्रोस्ट्रेनच्या आसपास तुम्ही थांबता. तेवढ्याच ताणाला तुमच्या मीटरभर फायबरमध्ये अर्ध्याहून जास्त फ्रिंज (उजेड-अंधाराचं एक पूर्ण आवर्तन) सरकलेली असते. आणि फेज १ मायक्रोरेडियनपर्यंत वाचता आला, तर तुम्ही एका मायक्रोस्ट्रेनच्या दशलक्षांशाच्याही साधारण पाचव्या हिश्शापर्यंत पोचता. बेअरिंगच्या कंपनांना एवढं पुरून उरतं.

मग अडतं कुठे? "संवेदनशीलता" हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि तिथे घोटाळा होतो. एक अर्थ म्हणजे स्केल फॅक्टर: एक एकक ताणाला किती रेडियन मिळतात. दुसरा अर्थ म्हणजे लहानात लहान किती बदल खात्रीने वाचता येतो. पहिला वाढवला की दुसरा आपोआप सुधारतो, असं गृहीत धरलं जातं. सोनाराचा काटा आठवा. तो काचेच्या पेटीत का असतो? पंख्याखाली ठेवला तर काटा कितीही नाजूक असो, तो गुंजभर सोन्याबरोबर वाराही तोलतो. काट्याची दांडी दुप्पट लांब केली तर वाऱ्याचा धक्काही दुप्पट दिसतो. तुमचं फायबर आत्ता पंख्याखाली आहे, आणि तो वारा म्हणजे नॉइज.

सिग्नल कमी-जास्त होण्याचं पहिलं कारण म्हणजे क्वाड्रेचर, म्हणजे ९० अंशांचा फेजफरक, सुटणं. फोटोडायोडवर येणारी तीव्रता फेजच्या कोसाइनप्रमाणे बदलते. झोका टोकाला गेला की क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि मधोमध सर्वांत वेगाने जातो. कोसाइनचंही तसंच आहे. दोन भुजांमधला फेजफरक ९० अंशांजवळ असेल तर बारीकशा कंपनालाही तीव्रता भरपूर बदलते. तोच फरक ० किंवा १८० अंशांजवळ गेला की तेवढंच कंपन जवळजवळ काहीच दाखवत नाही, आणि जे दाखवतं ते दुप्पट फ्रिक्वेन्सीला. स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झऐवजी १०० हर्ट्झला शिखर दिसून तुम्ही गोंधळला असाल, तर कारण हेच.

हा फेजफरक हलवतं कोण? तापमान. सिलिका फायबरमध्ये १ मीटरला १ अंश सेल्सिअसमागे फेज सुमारे ४० रेडियन सरकतो, तोही मुख्यतः अपवर्तनांक बदलल्यामुळे. काचेचं प्रसरण त्यात अगदी थोडं असतं. तुमच्या भुजा १० मीटरच्या आहेत. दोन भुजांच्या तापमानात एक शतांश अंशाचा फरक पडला तर ४ रेडियन, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रिंज. कुणी प्रयोगशाळेचं दार उघडलं, एसीचा झोत फिरला, तुम्ही स्वतः टेबलाजवळ येऊन उभ्या राहिलात, तरी हे होतं. तुमची पाच मिनिटं ही बहुधा एसीच्या कॉम्प्रेसरची चालू-बंद होण्याची वेळ असेल. घड्याळ लावून पाहा.

दुसरं कारण म्हणजे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. साधं सिंगल-मोड फायबर प्रकाशाची ध्रुवीकरणाची दिशा सांभाळत नाही. वाकलं, पिळलं, तापलं की ती दिशा फिरते. दोन भुजांमधून आलेल्या प्रकाशांच्या दिशा एकमेकींना काटकोनात आल्या तर व्यतिकरण होतच नाही, फ्रिंजची ठळकता शून्यावर येते. विद्यार्थी बरेचदा दोन्ही भुजांतली शक्ती अगदी समान करण्यात दिवस घालवतात. खरं तर एका भुजेत दुसरीच्या चौपट प्रकाश असला तरी ठळकता ०.८ राहते, दहापट असला तरी ०.५७ च्या आसपास. शक्तीतली तफावत फारसं नुकसान करत नाही. ध्रुवीकरण मात्र सगळं पुसून टाकतं, आणि कुठलीही पूर्वसूचना न देता.

दोन्हींवर एकत्र उपाय होतो, आणि मी तुम्हाला तोच सुचवेन: मॅक-झेंडर मोडा आणि मायकेलसन (आरशावरून प्रकाश त्याच भुजेतून परत आणणारी मांडणी) बांधा, दोन्ही बाजूंना तीन-तीन तोंडं असलेला ३×३ कपलर आणि फॅरडे रोटेटर मिरर घेऊन.

लेझर आयसोलेटरमधून (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देतो) आणि मग सर्क्युलेटरमधून (परतीचा प्रकाश वेगळ्या तोंडाकडे वळवतो) ३×३ कपलरच्या एका तोंडात सोडा. कपलरच्या पलीकडच्या तीन टोकांपैकी दोन तुमच्या भुजा. प्रत्येक भुजेच्या शेवटी फॅरडे मिरर. तिसरं टोक वापरायचं नाही. पण ते तसंच उघडं ठेवलं तर काच आणि हवा यांच्या सीमेवरून साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो आणि तुमच्या नकळत तिसरी भुजा तयार होते. साध्या जी.६५२ फायबरचं टोक पेन्सिलीभोवती दहा-बारा घट्ट वेढे देऊन चिकटवून टाका, प्रकाश बाहेर गळून जातो. फायबर वाकवलं तरी गळती न होणारं जी.६५७ प्रकारचं असेल, तर ही युक्ती चालत नाही. मग टोकाला इंडेक्स-मॅचिंग जेल (काचेच्याच अपवर्तनांकाचं) लावा.

फॅरडे मिरर जाताना ४५ अंश आणि येताना ४५ अंश असं ध्रुवीकरण फिरवतो. त्यामुळे परतीचा प्रकाश वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी जातानाच्या प्रकाशाला काटकोनात राहतो, आणि फायबरने जातानाच्या वाटेवर जे काही पिळलेलं असतं ते परतीच्या वाटेवर सुटतं. दोन्ही भुजांतून परत आलेला प्रकाश एकाच दिशेचा असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत फायबर इंटरफेरोमीटरमध्ये आली आणि ध्रुवीकरण हाताने जुळवत बसण्याचं काम संपलं. शिवाय प्रकाश प्रत्येक भुजेतून दोनदा जातो, म्हणून तेवढ्याच फायबरला स्केल फॅक्टर दुप्पट. तुमच्या मागितलेल्या दहापटीतले दोन इथे फुकट मिळाले.

३×३ कपलर क्वाड्रेचरचा प्रश्न सोडवतो. त्याच्या तीन तोंडांवर येणारे सिग्नल एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात. एक झोका टोकाला थबकला असेल तेव्हा दुसरे दोन मध्याजवळ असतात. तीन फोटोडायोड लावा: दोन मोकळ्या तोंडांवर, तिसरा सर्क्युलेटरच्या परतीच्या तोंडावर. या तिन्हींवरून फेज कुठेही असला तरी गणिताने पूर्णपणे काढता येतो. तापमानामुळे तो भटकला तरी चालतं, कारण तो भटकल्याचं तुम्हाला दिसतं आणि फिल्टरने तो संथ भाग वेगळा काढता येतो. एक काळजी घ्या. बाजारातला कपलर कधीच अगदी ३३.३ टक्के आणि अगदी १२० अंश देत नाही. एक भुजा हाताच्या मुठीत धरा. तळहाताच्या उबेने भराभर फ्रिंज पळतील. त्या वेळी दोन-दोन सिग्नल एकमेकांविरुद्ध आलेखावर काढा. तिरप्या लंबवर्तुळाची आकृती मिळेल. तिच्यावरून प्रत्येक तोंडाचं खरं मोठेपण, मध्य आणि कोन काढून गणितात घाला. ही दुरुस्ती टाळली की नसलेल्या फ्रिक्वेन्सी दिसू लागतात.

पर्याय आहेत. पिझोच्या (व्होल्टेजने आकार बदलणाऱ्या) नळकांड्यावर संदर्भ भुजा गुंडाळून फीडबॅकने सतत ९० अंशांवर धरून ठेवता येतं. पण तापमान एका दिशेने वाढत राहिलं की पिझोचा पल्ला संपतो, लूप सुटतो आणि नेमका महत्त्वाच्या क्षणी सुटतो. दुसरा मार्ग फेज-जनरेटेड कॅरियरचा, जो १९८२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मांडला. लेझरचा करंट वेगाने हलवायचा आणि मिळणाऱ्या सिग्नलमधून पहिला आणि दुसरा हार्मोनिक (मूळ आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग) वेगळा काढून फेज मिळवायचा. एकाच फायबरवर पुष्कळ सेन्सर असतील तर मीही हीच पद्धत घेईन. पण तिला भुजांमध्ये मुद्दाम लांबीचा फरक ठेवावा लागतो, आणि पुढे सांगतो त्याप्रमाणे तो फरक महागात पडतो. एकाच सेन्सरसाठी ३×३ बरा.

आता लेझर. मला वाटतं तुमच्या मांडणीत सर्वांत मोठी कमाई इथेच आहे. लेझरची फ्रिक्वेन्सी कधीच स्थिर नसते, ती सतत किंचित थरथरत असते. दोन्ही वाटा अगदी समान लांबीच्या असतील तर ही थरथर दोन्हींत सारखी असते आणि कटून जाते. लांबीत फरक असेल तर तिचं रूपांतर फेजच्या नॉइजमध्ये होतं, फरकाच्या सरळ प्रमाणात. १ मेगाहर्ट्झ लाइनविड्थचा (फ्रिक्वेन्सीच्या पसाऱ्याचा) साधा डीएफबी लेझर घ्या आणि त्याचा फक्त मूलभूत पांढरा नॉइज मोजा. प्रकाशाच्या दोन वाटांत १ मीटरचा फरक असेल तर फेजचा नॉइज सुमारे १७ मायक्रोरेडियन प्रति रूट हर्ट्झ (नॉइज मोजण्याचं एकक) येतो. खालच्या फ्रिक्वेन्सींना तो आणखी वाढतो, आणि बेअरिंगची कंपनं तिथेच असतात. हाच फरक १ सेंटिमीटरवर आणला तर ०.१७. म्हणजे शंभरपट सुधारणा, तीही एक स्प्लाइस (फायबरचा वितळवून केलेला सांधा) तोडून नव्याने करण्याच्या खर्चात.

"प्रत्येकी सुमारे १० मीटर" असं तुम्ही लिहिलं आहे. त्यातला "सुमारे" किती आहे? बहुतेकांना हे माहीत नसतं, कारण कपलरच्या पिगटेल (बाहेर आलेली फायबरची टोकं) कारखान्यातून जशा येतात तशा जोडलेल्या असतात. मोजायची सोपी पद्धत: लेझरचा करंट हळूहळू वाढवा आणि किती फ्रिंज जातात ते मोजा. १ मीटर फरकाला साधारण २०० मेगाहर्ट्झमागे एक फ्रिंज जाते, १ सेंटिमीटरला २० गिगाहर्ट्झमागे. मायकेलसनमध्ये प्रकाश दोनदा जातो, म्हणून भुजांमधला फरक निम्मा धरा. फ्रिंज जवळजवळ हलेनाशा झाल्या की वाटा जुळल्या. स्प्लाइस करण्याआधी दोन्ही भुजा एकाच फूटपट्टीवर मांडून कापल्या तर सेंटिमीटरच्या आत येणं अवघड नाही.

आणखी एक. माझा सल्ला फायबर आखूड करण्याचा आहे. पट्टीवर चिकटलं आहे १ मीटर. उरलेलं ९ मीटर काय करतं? खोलीचं तापमान, बोलण्याचा आवाज, टेबलाचे धक्के ऐकत बसतं. जोडकाम करायला दोन्ही बाजूंना थोडी लांबी लागते, तेवढी ठेवून बाकीची कापून टाका. जी ठेवाल ती दोन्ही भुजांची एकाच रिळावर, एकत्र गुंडाळा, म्हणजे जे काही लागेल ते दोघींना सारखं लागेल. हे रीळ थर्मोकोलच्या खोक्यात, खाली जाड स्पंज, वर वाळूची पिशवी. दिसायला ओबडधोबड, पण हजारो रुपयांच्या उपकरणाइतका उपयोग होतो.

इथे एक अनुभव सांगतो. एका मांडणीत आम्हाला २४ हर्ट्झला एक ठसठशीत शिखर दिसायचं. आठवडाभर आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेत राहिलो. अर्थिंग बदललं, पॉवर सप्लाय बदलला, अ‍ॅम्प्लिफायर नव्याने बांधला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शिखर सकाळी येतं आणि दोन तासांनी अचानक जातं. इमारतीचा पाण्याचा पंप! १४४० आरपीएमची मोटार, म्हणजे सेकंदाला बरोबर २४ फेरे. गच्चीवरची टाकी भरली की शिखर गायब. दोन मजले खाली चालणारा पंप आमचं फायबर ऐकत होतं. त्या सेन्सरची संवेदनशीलता दहापट केली असती तर पंपाचा आवाजही दहापट झाला असता. हे शिखर शेवटी गेलं ते संदर्भ भुजा आणि सेन्सर भुजेची जास्तीची लांबी एका रिळावर घेतल्यावर.

तीव्रतेचा नॉइजही बघायला हवा. सध्याच्या मॅक-झेंडरमध्ये तुम्ही दुसऱ्या कपलरचं एकच तोंड वाचता. दुसऱ्या तोंडातून निम्मा प्रकाश वाया जातो, आणि त्या प्रकाशात तुमच्या सिग्नलची नेमकी उलटी प्रत असते. मायकेलसनचे सुटे भाग येईपर्यंत निदान तिथे दुसरा फोटोडायोड लावा आणि दोघांची वजाबाकी घ्या. सिग्नल दुप्पट होतो आणि लेझरच्या शक्तीतली चढउतार बरीचशी कटते. एका दुपारचं काम आहे. कनेक्टर कोणते आहेत तेही बघा. सपाट टोकाचे असतील तर काढून ८ अंश तिरके घासलेले एपीसी घ्या, किंवा सरळ स्प्लाइस करा. प्रत्येक परावर्तन हे एक नको असलेलं इंटरफेरोमीटर असतं. आणि फायबरची टोकं आयसोप्रोपाइलने पुसल्याशिवाय जोडायची नाहीत, कधीच नाही.

हे सगळं झालं की तळ कुठे लागतो? फोटोडायोडवर १ मिलिवॉट पडत असेल तर प्रकाशाच्या कणरूपामुळे येणारी शॉट नॉइजची मर्यादा फेजमध्ये एका रेडियनच्या शंभर-दशलक्षांशाच्या पातळीवर असते, प्रति रूट हर्ट्झ. साध्या टेबलावर तिथवर कुणी पोचत नाही. पण १ मायक्रोरेडियन हे नीट बांधलेल्या मांडणीचं वास्तववादी उद्दिष्ट आहे. आज तुम्ही बहुधा मिलिरेडियनच्या आसपास असाल. मधल्या हजारपटीत तुमची दहापट सहज बसते, आणि फायबरचा एक इंचही वाढवावा लागत नाही.

यानंतरही कमी पडलं तर स्केल फॅक्टर वाढवण्याची पाळी येते, आणि तो वाढवताना फक्त ताण झेलणारा भाग वाढवायचा. कॅन्टिलिव्हरच्या पहिल्या मोडमध्ये (सर्वांत संथ कंपनप्रकारात) सर्वांत जास्त ताण मुळाशी असतो, मोकळ्या टोकाशी जवळजवळ नसतोच. मीटरभर फायबर पूर्ण पट्टीवर पसरण्यापेक्षा मुळाजवळच्या १० सेंटिमीटरवर दहा फेऱ्या घाला. वळणं चिकटवलेल्या भागाच्या बाहेर, १५ मिलिमीटरहून मोठ्या त्रिज्येची. वरच्या पृष्ठभागावर एक भुजा आणि खालच्या पृष्ठभागावर दुसरी चिकटवली तर आणखी उत्तम. पट्टी वाकली की एक ताणते, दुसरी आकसते, सिग्नल दुप्पट; तापमान मात्र दोघींना सारखं, म्हणून कटतं. जागा कमी असेल तर हा पुश-पुल प्रकार मला सर्वांत आवडतो. उंच मोडवर काम करत असाल तर सावध राहा. पट्टीच्या काही भागात ताण, काही भागात दाब असतो, आणि सलग चिकटवलेलं फायबर दोघांची बेरीज करून शून्य दाखवू शकतं. अ‍ॅक्रिलेटचं मऊ आवरण ताणाचा काही हिस्सा खातं, मुख्यतः चिकटवलेल्या भागाच्या टोकांजवळ. पॉलिइमाइड आवरणाचं फायबर त्यापेक्षा चांगलं.

ही कल्पना जुनीच आहे. १९७७ मध्ये फायबर इंटरफेरोमीटरने पाण्यातला आवाज पकडल्याचे पहिले निबंध आले. नुसतं काचेचं फायबर पाण्याच्या दाबाला फारसं दाद देत नाही, काच फार कडक असते. म्हणून ते आतून पोकळ, पातळ भिंतीच्या नळकांड्यावर गुंडाळायचं: दाबाने नळकांडं आकसतं आणि त्याच्यासोबत दहा-वीस मीटर फायबर एकदम सैलावतं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांच्या कुशीवरच्या सोनारमध्ये (पाण्यातला आवाज ऐकणाऱ्या यंत्रणेत) फायबर हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, आहेत. त्या लोकांची हिशेबाची रीत शिकण्यासारखी आहे. शांत समुद्राचा स्वतःचा आवाज १ किलोहर्ट्झला सुमारे १६० मायक्रोपास्कल प्रति रूट हर्ट्झ असतो. हायड्रोफोन १ पास्कलला ०.१ रेडियन देत असेल तर समुद्राचाच आवाज १६ मायक्रोरेडियन झाला. तुमचा नॉइज त्याच्याखाली गेला की काम झालं. त्यापुढे संवेदनशीलता वाढवून समुद्राचा आवाज मोठा होईल, मासा किंवा जहाज जास्त स्पष्ट ऐकू येणार नाही. तुमच्या मोटारीचाही असा स्वतःचा तळ असेल. तो काढा, म्हणजे दहापट खरंच हवी आहे का हे कळेल.

दाबासाठी किंवा आवाजासाठी टोकावरची फॅब्री-पेरो पोकळी हा वेगळा मार्ग आहे. फायबरच्या टोकासमोर पातळ पडदा, मधे हवेची फट. पडद्याच्या मध्याचं झुकणं त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने घटतं. ६२.५ मायक्रोमीटर त्रिज्येचा, ३ मायक्रोमीटर जाडीचा सिलिकाचा पडदा १ किलोपास्कलला जेमतेम १.४ नॅनोमीटर झुकतो. जाडी निम्मी केली तर आठपट. म्हणून लोक चांदीच्या आणि ग्राफीनच्या पडद्यांकडे वळले. पण पडदा जितका नाजूक, तितकी त्याची स्वतःची कंपनसंख्या खाली येते आणि तो फाटण्याची भीती वाढते. बेअरिंगच्या कामाला हे नको.

फेऱ्या वाढवून लांबी वाढवायची ही युक्ती किती दूर नेता येते त्याचं उदाहरण आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. लायगो-इंडियाचा इंटरफेरोमीटर फायबरचा नाही, निर्वात नळ्यांतला आहे. प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. अमेरिकेतल्या लायगोत प्रकाश अशा भुजेत सुमारे ३०० वेळा ये-जा करतो, म्हणजे वाट हजार किलोमीटरच्या वर जाते. आणि तरीही त्या प्रकल्पाचा मोठा भाग आरसे जमिनीच्या थरथरीपासून वेगळे टांगण्यात आणि लेझर शांत ठेवण्यात जातो. आपल्या थर्मोकोलच्या खोक्याचीच ती थोरली आवृत्ती.

आता व्हर्नियर. कल्पना सुंदर आहे. किंचित वेगळ्या लांबीच्या दोन पोकळ्या एकामागे एक ठेवल्या की स्पेक्ट्रमवर मोठ्या लाटांची एक किनार उमटते, आणि एका पोकळीत थोडा बदल झाला की ही किनार कितीतरी जास्त सरकते. फ्रिंजच्या अंतरात ५ टक्के फरक असेल तर साधारण २० पट. निबंधात हा २० चा आकडा ठळक छापतात. पण किनारीची लाटही २० पट रुंद झालेली असते. रुंद लाटेचं शिखर कुठे आहे हे ठरवताना चूकही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय मूळ फ्रिंज ५ नॅनोमीटरची असेल तर किनारीची एक लाट १०० नॅनोमीटरची होते, आणि सी-बँडचा (१५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्याचा) स्रोत ३५ नॅनोमीटर रुंद. अख्खी लाट दिसणारच नाही. तुमचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर भरड असेल, मोजायची गोष्ट संथ असेल, जसं तापमान किंवा द्रावणाची संहती, तर व्हर्नियरचा खरा उपयोग आहे. कंपनांना नाही. एक स्वीप पूर्ण व्हायला सेकंद लागतात आणि तुम्हाला किलोहर्ट्झ मोजायचे आहेत.

शेवटी एक हिशेब, जो बांधणीच्या आधी करायचा असतो. स्केल फॅक्टर वाढवला की मोठ्या कंपनांना फेज फार वेगाने पळतो. ३×३ पद्धतीत दोन नमुन्यांच्या मधे फेज १८० अंशांहून जास्त सरकला तर फ्रिंज मोजण्यात चूक होते आणि पुढचं सगळं बिघडतं. १ किलोहर्ट्झला १०० रेडियनचं कंपन आलं तर सेकंदाला किमान २ लाख नमुने हवेत, तेही तिन्ही वाहिन्यांवर एकाच क्षणी घेतलेले. तुमचं डेटा कार्ड वाहिन्या एकामागून एक वाचणारं असेल तर ते आधी बदला. मोटार सुरू होतानाचा झटका सर्वांत मोठा असतो. मर्यादा त्या झटक्यावरून ठरवा.

तर या आठवड्यात एवढं करा. मोटार बंद, खोलीत कुणी नाही, एसी बंद. सध्याच्याच मॅक-झेंडरवर दुसरा फोटोडायोड लावून वजाबाकी घ्या. फ्रिंज हाताच्या उबेने पळवून पूर्ण उंची मोजा, म्हणजे व्होल्टचे रेडियन करता येतील. मग सिग्नल क्वाड्रेचरजवळ असताना मिनिटभराची नोंद घ्या आणि तिचा स्पेक्ट्रम रेडियन प्रति रूट हर्ट्झमध्ये काढा, १० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ. त्याच आलेखावर मोटार चालू असतानाचा स्पेक्ट्रम दुसऱ्या रंगात काढा. करंट वाढवून मोजलेला भुजांमधला फरकही लिहा. दोन्ही स्पेक्ट्रमच्या रेघा जिथे एकमेकींना चिकटतात तिथेच तुमची अडचण आहे. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीला चिकटत असतील तर वायरिंग, खालच्या टोकाला असतील तर तापमान आणि टेबल, सगळीकडे सारख्या असतील तर लेझर आणि लांबीचा फरक. तो आलेख इथे टाका. मुळाशी फेऱ्या घालायच्या की आधी स्प्लाइस तोडायची, ते त्यावरून ठरवू.